बंदी, शुल्क की जाडीची अट: कॅरीबॅगचं धोरण ठरवताना

एकदा वापरून फेकायच्या कॅरीबॅगांवर निर्बंध कसे आणावेत, याची शिफारस करण्यासाठी स्थानिक प्रशासनाने एक अभ्यासगट नेमला आणि नागरिकांच्या बाजूने त्यात मला घेतलं. गटात प्रशासनाचे अधिकारी होते, किरकोळ व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी होते, पिशव्या बनवणारे एक उत्पादक होते, कचरावेचकांच्या संघटनेतल्या एक ताई होत्या आणि पर्यावरणशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक होते. अधिकाऱ्यांचा कल सरसकट बंदीकडे होता, कारण बंदी जाहीर करायला सोपी. व्यापाऱ्यांना जनजागृती पुरेशी वाटत होती. उत्पादकांना जाडीची अट, म्हणजे ठराविक जाडीपेक्षा पातळ पिशव्यांनाच मनाई, चालणार होती. पिशव्या कमी व्हायला हव्यात याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. कोणत्या मार्गाने, हे मात्र मला खरंच समजून घ्यायचं होतं.

प्राध्यापकांनी सुरुवातीलाच एक चांगली गोष्ट केली. उपायांची चर्चा बाजूला ठेवून ते म्हणाले, "आपल्याला नेमका त्रास कशाचा आहे, ते आधी लिहून काढू." फळ्यावर पाच-सहा गोष्टी आल्या: तुंबणारी गटारं, गुरांच्या पोटात जाणारं प्लास्टिक, नदी-समुद्राच्या काठावरचा कचरा, कचरा वर्गीकरणाचा खोळंबा, मायक्रोप्लास्टिक म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण, आणि पिशव्या बनवताना होणारं कार्बन उत्सर्जन. मला वाटलं होतं की ही नुसती औपचारिकता ठरेल. पण पुढे सगळा वाद या फळ्याशीच येऊन थांबत राहिला, कारण प्रत्येक त्रासाचं औषध वेगळं आहे. बांगलादेशाने २००२ साली पातळ पॉलिथिन पिशव्यांवर देशभर बंदी घातली, असं करणारा तो पहिला देश. त्यामागे १९८८ आणि १९९८ च्या पुरांचा अनुभव होता. पाण्याचा निचरा पिशव्यांनी अडवला होता. आयर्लंडला मात्र रस्त्याकडेला आणि कुंपणांवर अडकलेल्या पिशव्या खुपत होत्या, आणि त्यांनी त्याच वर्षी प्रत्येक पिशवीमागे गिऱ्हाइकाकडून शुल्क घेण्याचा मार्ग धरला. दोघांचे प्रश्न वेगळे होते, आणि राबवण्याची ताकदही वेगळी होती.

पहिली मोठी खडाजंगी झाली ती कापडी पिशवीवरून. उत्पादकांनी दोन अहवाल समोर ठेवले. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हवामानावरच्या परिणामापुरतं बोलायचं तर कागदी पिशवी ३ वेळा, जाड प्लास्टिकची ४ वेळा, पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची ११ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरली तरच ती एकदा वापरलेल्या साध्या पातळ पिशवीची बरोबरी करते. डेन्मार्कच्या २०१८ च्या अहवालात तर सेंद्रिय कापसाच्या पिशवीसाठी २०,००० वेळा हा आकडा आहे. "मग बंदी घालून तुम्ही पर्यावरणाचं नुकसानच करणार," असं उत्पादकांचं म्हणणं.

हे म्हणणं झटकून टाकण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही ते अहवाल नीट वाचायला घेतले. डेन्मार्कचा २०,००० चा आकडा सगळ्या पर्यावरणीय निकषांत मिळून सर्वांत वाईट निकषावरून येतो, आणि तो निकष आहे ओझोनच्या थराचा. फक्त हवामानबदल पाहिला तर तीच पिशवी १४९ वेळा वापरावी लागते आणि साध्या कापसाची ५२ वेळा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. उघड्यावर पडलेल्या पिशव्यांचा परिणाम त्या हिशेबात धरलेलाच नाही, कारण डेन्मार्कमध्ये तो नगण्य मानला गेला. म्हणजे आमच्या फळ्यावरचे पहिले तीन त्रास त्या अहवालात नाहीतच. तरीही त्या अहवालांतून एक गोष्ट मी पक्की घेतली: कोणतीही पिशवी फुकट वाटत सुटलो, मग ती कागदाची असो की सुताची, तर आपण एका त्रासाच्या बदल्यात दुसरा विकत घेतो. सुती पिशवी चांगली ठरते ती वर्षानुवर्षं वापरली तरच. प्रत्येक समारंभात वाटल्या जाणाऱ्या आणि कपाटात साठत जाणाऱ्या सुती पिशव्यांबद्दल माझं मत तेव्हापासून स्पष्ट आहे.

इथून पुढे आम्ही प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारायला लागलो: हा नियम लागू झाल्यावर, पिशवी न आणलेला गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडेल तेव्हा त्याच्या हातात काय असेल? मला विचाराल तर संपूर्ण धोरण या एका प्रश्नात आहे. धोरणाचं नाव काय ठेवलं याने फारसा फरक पडत नाही.

मधल्या काळात आम्ही कचरा वर्गीकरण केंद्रात गेलो. कागदावर 'पिशव्यांमुळे यंत्रणेत अडथळा' असं एक वाक्य होतं. त्याचा अर्थ तिथे कळला. पट्ट्यावरून आलेला कचरा फिरत्या चकत्यांच्या रांगेवर पडतो, लहान वस्तू फटीतून खाली जातात आणि पुठ्ठे वरून पुढे सरकतात. पातळ पिशव्या मात्र त्या चकत्यांच्या दांड्याला गुंडाळत जातात. थोड्या वेळात फटी बुजतात आणि वर्गीकरण बिघडतं. मग यंत्र बंद करायचं, वीज तोडायची आणि दोन माणसांनी आत उतरून वाकड्या सुरीने ते गुंडाळे कापून काढायचे. आम्ही गेलो तेव्हा हेच काम चालू होतं. पिशव्यांचे थर एकमेकांवर इतके घट्ट बसले होते की सुरी अडकत होती, आणि खालची चकती दिसायला बराच वेळ गेला. माणसाने हात घालायचा तो दातेरी धातूच्या मधोमध. ते काम करणारा तरुण म्हणाला, "मॅडम, बाटली आली तर आम्ही खूश, पुठ्ठा आला तर खूश. ही पिशवी आली की काम थांबतं."

पुनर्वापर वाढवा, बंदी कशाला, हा मुद्दा व्यापाऱ्यांनी मांडला होता, त्याचंही उत्तर तिथे मिळालं. साधी पातळ पिशवी पाच-सहा ग्रॅमची. किलोभर भरायला जवळजवळ दोनशे पिशव्या गोळा कराव्या लागतात, त्याही मळलेल्या आणि ओल्या. कचरावेचक संघटनेच्या ताई म्हणाल्या, "आमच्या बायका वजनावर कमावतात. ती पिशवी उचलायला वाकायचे पैसेही सुटत नाहीत." ज्या वस्तूला भंगारात भाव नाही ती उचलली जात नाही, हे एवढं सरळ आहे.

जनजागृती आणि 'स्वतःची पिशवी आणा, सवलत मिळवा' हा पर्याय आम्ही लवकर बाजूला ठेवला. अमेरिकेत वॉशिंग्टन परिसरातल्या दुकानांचा एक अभ्यास आहे. काही दुकानं पिशवी आणणाऱ्याला ५ सेंट परत देत होती, आणि नंतर तिथेच प्रत्येक पिशवीवर ५ सेंट कर लागला. रक्कम तीच. सवलतीचा परिणाम जवळजवळ शून्य, आणि करामुळे पिशवी घेणाऱ्या गिऱ्हाइकांचं प्रमाण चाळीसहून अधिक टक्के-अंकांनी घटलं. खिशातून जाणारा पैसा माणसाला जितका टोचतो तितका मिळणारा पैसा सुखावत नाही.

जाडीच्या अटीवर मात्र आम्ही बराच वेळ घालवला, कारण हा पर्याय सगळ्यांना मधला मार्ग वाटत होता. कल्पना अशी की पिशवी जाड केली की ती महाग होते, फुकट वाटणं परवडत नाही, लोक ती पुन्हा वापरतात आणि भंगारात तिला भावही मिळतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भारतात ही किमान जाडी २०१६ च्या नियमांत ५० मायक्रॉन होती, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ झाली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. चीनने २००८ मध्ये २५ मायक्रॉनखालच्या पिशव्या बंद केल्या.

एका बैठकीत आम्ही वेगवेगळ्या पिशव्या टेबलावर ठेवून मायक्रोमीटर या जाडी मोजायच्या उपकरणाने मोजल्या. मायक्रोमीटरचा स्क्रू थोडा जास्त आवळला तर प्लास्टिक दबतं आणि आकडा खाली येतो. थोडी ओढली गेलेली जागा आली तर आणखी खाली. म्हणून पिशवीची घडी घालून आठ पदर एकत्र मोजायचे आणि भागायचं, असं प्राध्यापकांनी करून दाखवलं. एकाच पिशवीच्या तळाशी, बाजूला आणि पकडीजवळ आकडे वेगवेगळे आले. एका पिशवीवर छापलेली जाडी आणि आम्हाला मिळालेली जाडी यांत चांगलंच अंतर होतं. त्या टेबलाशी उभं राहून मी विचार केला की गर्दीच्या बाजारात, दुकानदार हुज्जत घालत असताना, एका निरीक्षकाने हे कसं करायचं? जो नियम डोळ्यांनी किंवा हाताने तपासता येत नाही, तो तपासणाऱ्याच्या मर्जीवर चालतो. आणि जिथे मर्जी येते तिथे पुढे काय येतं, हे सांगायची गरज नाही.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण तर मला झोपेतही आठवेल. तिथे २०१४ मध्ये कायदा झाला आणि २०१६ मध्ये मतदारांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. पातळ पिशव्या बंद, पण २.२५ मिल, म्हणजे सुमारे ५७ मायक्रॉनची, १० किलो वजन १२५ वेळा वाहू शकेल अशी पिशवी 'पुनर्वापराची' धरून निदान १० सेंटला विकायची मुभा. लोकांनी ती घेतली आणि आधीसारखीच एकदा वापरून टाकली. फेकलेल्या प्लास्टिक पिशव्यांचं वजन २०१४ मध्ये सुमारे १ लाख ५७ हजार टन होतं, ते २०२२ मध्ये सुमारे २ लाख ३१ हजार टनांवर गेलं. शेवटी २०२४ मध्ये नवा कायदा करून ती जाड पिशवीही बंद करावी लागली. शिकागोमध्येही असंच झालं: २०१५ मध्ये पातळ पिशव्या बंद केल्या, दुकानांनी जाड दिल्या, आणि २०१७ मध्ये ती बंदी मागे घेऊन कागदी आणि प्लास्टिक दोन्ही पिशव्यांवर ७ सेंट कर लावला. हे वाचून झाल्यावर उत्पादक सोडून बाकी कुणीही जाडीच्या अटीची बाजू धरली नाही.

'विघटनशील' पिशव्यांना मी आधीपासून जरा साशंकतेने पाहत होते. त्यांची प्रमाणपत्रं खरी असतात, पण ती कशासाठी आहेत ते वाचायला हवं. युरोपातलं मानक औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पासाठी आहे, जिथे ढिगाचं तापमान पन्नास-साठ अंशांच्या घरात राखलेलं असतं. गटारात किंवा शेताच्या बांधावर ती उष्णता नसते. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, 'बायोडिग्रेडेबल' म्हणून विकलेली पिशवी मातीत आणि समुद्रात तीन वर्षं राहूनही सामान भरून उचलण्याइतकी शाबूत होती. कंपोस्ट होणारी पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत सत्तावीस महिन्यांनंतरही तिचे अवशेष होते. ज्या गावात ओला कचरा वेगळा गोळा होऊन प्रकल्पात जातो, तिथे कचऱ्याच्या डब्यात घालायला या पिशव्या ठीक. दुकानातल्या कॅरीबॅगेला पर्याय म्हणून त्यांना सूट द्यायची नाही, असं आम्ही ठरवलं.

उरले दोन: बंदी आणि शुल्क. आयर्लंडचं शुल्क ४ मार्च २००२ ला सुरू झालं, १५ सेंट. माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्यांचा वापर २१ वर आला. काही वर्षांनी तो पुन्हा तिशीपार सरकल्यावर २००७ मध्ये शुल्क २२ सेंट केलं. मला त्यातल्या बारीकसारीक तरतुदी जास्त आवडल्या. दुकानदाराने ते शुल्क स्वतः सोसायचं नाही, गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचं आणि पावतीवर वेगळं दाखवायचं. जमा झालेली रक्कम पर्यावरणासाठीच्या वेगळ्या निधीत जाते. माणसाला कळतं की आपण काय भरलं, कशासाठी भरलं. दक्षिण आफ्रिकेने २००३ मध्ये जाडीची अट आणि किंमत दोन्ही आणली. सुरुवातीला वापर धाडकन पडला, पण पिशवीची किंमत खाली आल्यावर बराचसा परत वर चढला. म्हणजे शुल्क एकदा लावून विसरून जाण्याची गोष्ट नाही.

व्यापाऱ्यांनी इंग्लंडचा दाखला दिला. तिथे २०१५ मध्ये ५ पेन्स शुल्क लावताना २५० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या दुकानांना वगळलं होतं. छोट्यांना आपणही वगळू, असा त्यांचा आग्रह. पण इंग्लंडनेच २०२१ मध्ये ती सूट काढून शुल्क १० पेन्स केलं. जिथे बहुतेक खरेदी छोट्या दुकानांत आणि फिरत्या विक्रेत्यांकडे होते, तिथे छोट्यांना वगळणं म्हणजे धोरणच वगळणं. एका सुनावणीत भाजी विकणाऱ्या एक बाई उठून म्हणाल्या, "मी पिशवी देत नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारी जातं. सगळ्यांनाच बंद करा, मग मला काही अडचण नाही. उलट माझा खर्च वाचेल." गटातल्या एकाही तज्ज्ञाने हे इतक्या थोडक्यात मांडलं नव्हतं. नियम सगळ्यांना एकाच दिवशी लागू झाला तर विक्रेत्याला तो ओझं वाटत नाही. उलट स्पर्धेतून सुटका वाटते.

याच बाईंनी शुल्काची मर्यादाही दाखवून दिली. जिथे छापील पावती नाही, गल्ल्यावर यंत्र नाही, तिथे प्रत्येक पिशवीचं शुल्क गोळा करून सरकारकडे भरणं अशक्यच. अशा बाजारात शुल्क कागदावर राहतं. बंदी राबवायला त्यामानाने सोपी, पण ती विक्रेत्याच्या टोपलीवर धाडी घालून राबवायची नाही. कारखाना, आयातदार आणि घाऊक व्यापारी इथे राबवायची. केनियाने २०१७ मध्ये चार वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेली बंदी आणली. पातळ पिशव्या खरंच कमी झाल्या, शेजारच्या देशांतून चोरट्या मार्गाने येत राहिल्या, आणि त्यांच्या जागी न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या आल्या. त्या दिसतात कापडासारख्या, पण टोक पेटवलं तर वितळून थेंब पडतो. त्यांचाही दर्जा घसरत गेला आणि २०१९ मध्ये त्यांच्यावरही बंदी जाहीर झाली.

घरातल्या कचऱ्याच्या डब्याचा मुद्दा मीच लावून धरला. कॅलिफोर्नियातल्या बंद्यांच्या एका अभ्यासात दिसलं की दुकानातल्या पिशव्यांचं ४ कोटी पौंड प्लास्टिक वाचलं, पण विकत घेतलेल्या कचऱ्याच्या पिशव्यांचं १ कोटी २० लाख पौंड वाढलं. वाचलेल्यातलं तीस टक्क्यांच्या आसपास परत आलं. माझ्या मते हा बंदीच्या विरोधातला पुरावा नाही, सत्तर टक्के फायदा उरतोच; पण यशाचा हिशेब मांडताना तो लपवणं अप्रामाणिक ठरलं असतं. कमी झालेल्या पिशव्यांची नुसती संख्या सांगायची नाही, प्लास्टिकचं वजनही सांगायचं, हे कलम मसुद्यात त्यातूनच आलं.

आम्ही शिफारस करण्याच्या बेतात असताना २०२५ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेला अभ्यास प्राध्यापकांनी वाचायला दिला. अमेरिकेतल्या किनाऱ्यांवरच्या ४५ हजारांहून अधिक स्वच्छता मोहिमांच्या नोंदी त्यात तपासल्या आहेत. जिथे निर्बंध होते तिथे, नसलेल्या ठिकाणांच्या तुलनेत, गोळा झालेल्या कचऱ्यातला पिशव्यांचा वाटा २५ ते ४७ टक्क्यांनी कमी. सर्वांत दुबळी ठरली ती अर्धवट बंदी, जिच्यात जाड पिशव्यांना मोकळीक असते. किनाऱ्यांवरच्या पिशव्या सगळीकडेच वाढत आहेत. निर्बंध असलेल्या ठिकाणी त्या कमी वेगाने वाढल्या, हेही तिथे स्पष्ट लिहिलं आहे.

मग मसुदा लिहायला बसलो. क्रियापदावर, म्हणजे 'बंदी' की 'शुल्क' यावर, फारसा वाद उरला नव्हता. सगळा वेळ व्याख्येवर गेला. 'कॅरीबॅग' म्हणजे खरेदीच्या ठिकाणी सामान नेण्यासाठी दिलेली कोणत्याही जाडीची प्लास्टिक पिशवी, न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनसह, असं शेवटी लिहिलं. त्यावर बंदी. कागदी आणि कापडी पिशवी देता येईल, पण फुकट नाही, आणि पावती देणाऱ्या दुकानात तिचं शुल्क पावतीवर वेगळं दिसलं पाहिजे. ओल्या, कच्च्या मालासाठी आणि औषधांसाठी आतली पातळ पिशवी चालेल. हातात ओझं पेलता न येणाऱ्या अपंग गिऱ्हाइकांसाठी दुकानाने परत करायच्या बोलीवर मजबूत पिशवी उसनी द्यावी, ही सूचना सुनावणीतून आली आणि तशीच्या तशी घेतली. तपासणी आधी उत्पादन आणि घाऊक पातळीवर. किरकोळ विक्रेत्याला पहिल्या वेळी लेखी समज. शुल्काचा आढावा दर दोन वर्षांनी.

उत्पादकांनी भिन्नमत नोंदवलं आणि ते अहवालाला जोडलं आहे. त्यातला एक मुद्दा मला रास्त वाटतो: छोट्या कारखान्यांतल्या कामगारांना दुसऱ्या मालाकडे वळायला मुदत आणि कर्ज हवं. मुदतीची शिफारस आम्ही केली. कर्जाचा प्रश्न गटाच्या अधिकारात बसत नाही, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं, तेव्हा तो वेगळ्या पत्राने वर पाठवला.

अहवाल आता प्रशासनाकडे आहे. नियम लागू होण्याआधीची स्थिती मोजून ठेवावी, ही आमची पहिली शिफारस होती आणि तेवढी लगेच मंजूर झाली. दुकानांच्या दाराशी उभं राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काय आहे, प्लास्टिक, कागद, कापड की नुसतेच हात, याच्या नोंदी घ्यायचं काम सध्या चालू आहे. त्याचबरोबर वर्गीकरण केंद्रात यंत्र दिवसातून किती वेळ बंद ठेवावं लागतं, तेही तिथले पर्यवेक्षक वहीत लिहून ठेवत आहेत.